नहाणीतून येणारा वास आणि गच्चीवरची टोपी : साताऱ्याच्या आमच्या घराची पूर्ण केस

आमचं साताऱ्याचं घर म्हणजे तळमजला १९९८ चा आणि वरचा मजला २०१६ चा. शहराच्या कडेला आहे, आमच्या गल्लीत अजून ड्रेनेज लाईन नाही त्यामुळे प्रत्येकाची आपापली सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा. वरचा मजला झाल्यापासून बाथरूममध्ये वास येत होता आणि तो घालवायला आम्हाला जवळजवळ आठ वर्षं लागली. शेवटी जे सापडलं ते इतकं साधं होतं की मला ते सगळं तपशिलात लिहून ठेवावंसं वाटलं, कारण माझी खात्री आहे की वरती मजला चढवलेल्या कितीतरी घरांत हेच झालेलं असणार आणि लोक माझ्या बाबांसारखेच फिनेल ओतत बसलेले असणार.

आधी त्रास काय होता ते सांगतो. खालच्या बाथरूमच्या नहाणीतून (म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या भोकातून) कुजक्या अंड्यासारखा वास यायचा, पण सतत नाही. सकाळी जास्त. वरती कोणी फ्लश केला की खालच्या नहाणीतून गुडगुड आवाज यायचा आणि जाळीतून दोनचार बुडबुडे फुटायचे, कधीकधी खालच्या कमोडमधलं पाणी पण उसळायचं. वरच्या बाथरूमचा प्रकार वेगळा, तिथे आवाज फारसा नाही पण दादा-वहिनी पुण्याहून आले आणि खोली उघडली की पहिला दिवस तिथे उभं राहवत नसे, मग दोन दिवस वापर झाला की कमी व्हायचं. आणि एक्झॉस्ट फॅन लावला की वास जायच्या ऐवजी वाढायचा, हे वहिनी पहिल्यापासून सांगत होती आणि आम्ही कोणीच ते मनावर घेतलं नव्हतं. नंतर कळलं की सगळ्यात महत्त्वाचा धागा तोच होता.

मधल्या वर्षांत काय काय झालं ते थोडक्यात. पहिल्या प्लंबरने सांगितलं नहाणीत घाण साचलीय, ॲसिड टाका. टाकलं, टाईल्सचे सांधे गेले, वास तिथेच. दुसऱ्याने नहाणीची जाळी बदलून स्टीलची झुरळवाली जाळी बसवली. तिसरा म्हणाला टाकी भरलीय, तेव्हा नगरपालिकेची मैला उपसायची गाडी बोलावून टाकी रिकामी केली. महिनाभर बरं वाटलं आणि मग परत सुरू. हा तिसरा तर टाकीत खाली पोरगा उतरवून भिंती घासून घेऊ म्हणत होता, त्याला बाबांनी सरळ नाही म्हणून सांगितलं आणि मला त्याबद्दल बाबांचा फार अभिमान वाटतो. टाकीतला हायड्रोजन सल्फाईड हा विषारी वायू जास्त प्रमाणात असला की नाकाला त्याचा वास कळेनासाच होतो, माणूस आत उतरतो आणि दोन श्वासात कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही राहतो. २०१३ च्या कायद्याने असं साधनांशिवाय माणूस उतरवायला बंदी आहे, पण कायदा नसता तरी कोणाच्या लेकराला आपल्या घाणीत उतरवायचं नाही एवढं तर आपल्याला कळायलाच हवं.

पाण्याचं झाकण

पुढचं कळायला एकच गोष्ट डोक्यात पक्की बसायला पाहिजे. बाथरूममध्ये येणारा वास बहुतेक वेळा बाथरूममधल्या घाणीचा नसतो, तो टाकीतला आणि पायपातला गॅस असतो. तो वर येऊ नये म्हणून प्रत्येक नहाणीच्या, बेसिनच्या आणि कमोडच्या खाली वाकडा भाग असतो, ट्रॅप, त्यात थोडं पाणी कायम अडकून राहतं आणि तेच पाणी झाकणाचं काम करतं. ही युक्ती १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने पेटंट केली आणि आजपर्यंत तिच्यापेक्षा चांगलं काही निघालेलं नाही. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे नहाणी ट्रॅपमध्ये हे पाण्याचं झाकण, म्हणजे सील, कमीत कमी ५० मिलिमीटर पाहिजे.

आता ५० मिलिमीटर म्हणजे दोन इंच पाणी. ते पाणी सरकवायला किती दाब लागतो, तर साधारण ४९० पास्कल, म्हणजे आपल्या आजूबाजूच्या हवेच्या दाबात अर्ध्या टक्क्याचा फरक पडला की संपलं. इतकं ते नाजूक असतं. आणि फ्लश केल्यावर दहा लिटर पाणी एकदम ११० मिलिमीटरच्या उभ्या पायपातून खाली येतं तेव्हा ते इंजेक्शनच्या दट्ट्यासारखं काम करतं, पुढची हवा दाबत जातं आणि मागे ओढ तयार करतं. पुढे दाबलेली हवा खालच्या ट्रॅपमधून बाहेर पडू बघते, तेच बुडबुडे. मागची ओढ वरच्या ट्रॅपमधलं पाणी खेचून नेते. हे होऊ नये म्हणून तो उभा पाईप गच्चीच्या वरपर्यंत उघडा नेतात, म्हणजे ओढ लागली की हवा वरून येते आणि ट्रॅपला धक्का लागत नाही. आपले गवंडी-मिस्त्री त्याला गॅस पाईप म्हणतात, त्यामुळे लोकांना वाटतं तो फक्त गॅस बाहेर सोडायला आहे. तो हवा आत घ्यायलाही आहे, आणि माझ्या मते ते काम जास्त मोठं.

आईला मी हे समजावत होतो तर ती म्हणाली, म्हणजे तेलाच्या डब्यासारखं. पंधरा किलोचा डबा एकाच भोकाने ओतला की तेल गचके खात भकभक येतं, समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की एकसारखी धार लागते. मी इतकी पानं वाचून जे समजून घेतलं ते तिने एका डब्यात सांगितलं.

पिशवीची परीक्षा

गेल्या वर्षी दिवाळीत सगळे घरी होतो, तेव्हा मी ठरवलं की आता कोणाला बोलवायच्या आधी आपण नीट बघायचं. खर्च शून्य. खराट्याची एक हीर घेतली, जाळी काढून ट्रॅपच्या पाण्यात बुडवली आणि पाण्याची पातळी कुठे आहे आणि आतली कड कुठे संपते याच्या पेनाने खुणा केल्या, मधलं अंतर म्हणजे सील. खालच्या नहाणीत भरभरून पाणी ओतून मोजलं तरी २८ मिलिमीटर निघालं! म्हणजे ट्रॅपच उथळ होता, बाजारात ते स्वस्तातले बुटके ट्रॅप मिळतात, स्लॅब कमी फोडावा लागतो म्हणून लावतात, त्यातला. मग वहिनीला वरती ओळीने तीन फ्लश करायला सांगितले, मध्ये फ्लशची टाकी भरू द्यायची, आणि परत मोजलं तर ९. वरच्या नहाणीत सुरुवात ३० ला, तीन फ्लशनंतर हीर कडेपर्यंत गेली तरी तिला पाणी लागेना. सील गेलं होतं, पूर्ण उघडं भोक.

मग पातळ प्लास्टिकची पिशवी नहाणीच्या तोंडावर पसरून कडेने ओल्या कणकेने चिकटवली. कणीक ही आईची सूचना, टेप ओल्या टाईलला चिकटत नाही. वरती फ्लश केला आणि खालची पिशवी टम्म फुगली. नंतर तीच पिशवी वरच्या नहाणीवर लावली आणि शेजारच्या कमोडचा फ्लश केला, ती आत ओढली जाऊन वाटीसारखी खोल झाली. खाली दाब, वरती ओढ. एकाच पायपाचे दोन रोग, आणि दोन्हीला एकच कारण असायची शक्यता मोठी.

एक्झॉस्टचं पण बघितलं. वरच्या बाथरूमचं दार लावून फॅन चालू केला आणि नहाणीशेजारी चिमूटभर टाल्कम पावडर सोडली, ती नहाणीतून वर आल्यासारखी उडाली. फॅन खोलीतली हवा बाहेर फेकतो, दार बंद असलं की त्याला हवा कुठून तरी घ्यावीच लागते, आणि ट्रॅप कोरडा असेल तर तो ती सरळ सेप्टिक टाकीतून घेतो. वहिनी आठ वर्षं बरोबर सांगत होती. (उदबत्ती किंवा काडी लावून हे करून बघू नका, चेंबरच्या जवळ तर अजिबातच नाही, मिथेन पेट घेतो.) हे नुसतं वासापुरतं नसतं हे पण सांगायला हवं. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या इमारतींमध्ये सार्सची तीनशेहून जास्त लोकांना लागण झाली, तिथल्या तपासात जी कारणं पुढे आली त्यात सुकलेले फ्लोअर ट्रॅप, म्हणजे नहाणीचे ट्रॅप, आणि त्यांतून हवा ओढणारे बाथरूमचे एक्झॉस्ट फॅन होते. तेव्हापासून मी कोरड्या ट्रॅपला किरकोळ समजत नाही.

गच्चीवर आणि बोळात

आमच्या ओळखीचे एक मिस्त्रीकाका आहेत, सत्तरीच्या आसपास, आता काम कमी करतात. त्यांना विनंती करून आणलं. त्यांनी बाथरूममध्ये पाऊलही टाकलं नाही, आधी म्हणाले गच्ची दाखवा. गच्चीच्या मागच्या कोपऱ्यात ११० चा पीव्हीसी पाईप जमिनीपासून फूटभर वर आलेला आणि त्याच्यावर टोपी, एंड कॅप, सॉल्व्हंट लावून पक्की चिकटवलेली. मी हजार वेळा त्याच्या शेजारी बसून चहा प्यायलोय. काका म्हणाले, "आवं, वरनं टोपी मारल्यावर पायपानं हवा घ्यायची कुठनं? तो तुमच्या न्हाणीतनंच घेनार की."

बाबांना आठवलं मग. २०१६ मध्ये काम संपत आलं तेव्हा आई गच्चीवर पापड घालायची आणि तिथे वास येतो म्हणून तक्रार केली होती, तर ठेकेदार म्हणाला टोपी लावून देतो, वास पण बंद आणि पावसाचं पाणी पण आत जायचं नाही. त्याने तेव्हा पाईप उंच करायला पाहिजे होता, त्याने तो बंद केला.

पण काका तिथे थांबले नाहीत, आणि इथेच अनुभवी माणसाची किंमत कळते. त्यांनी विचारलं, टाकीचा जुना गॅस पाईप कुठाय? आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. १९९८ च्या घराला मागच्या भिंतीवर करड्या सिमेंटचा, म्हणजे ॲस्बेस्टॉसचा, गॅस पाईप होता, वर ती छत्रीसारखी काऊल, मला लहानपणचा आठवतो सुद्धा, आरोग्य खात्याच्या ताई येऊन सांगून गेल्या म्हणून बाबांनी त्याला डासांसाठी जाळी बांधली होती. काका मागच्या बोळात गेले, कुंड्या सरकवल्या आणि भिंतीलगत टाकीतून वर आलेलं वीतभर थोटूक दाखवलं, तोंडात सिमेंटचा गोळा भरलेला. वरच्या मजल्याचा छज्जा काढताना तो पाईप आडवा आला म्हणून तोडला आणि परत कोणी जोडलाच नाही.

म्हणजे घराला आधी दोन वाटा होत्या बाहेरच्या हवेच्या आणि २०१६ नंतर एकही राहिली नाही. टाकीत चोवीस तास गॅस तयार होतो, त्याला जायला जागा नाही, मग ज्या ट्रॅपचं झाकण सगळ्यात पातळ तिथून तो येणार. टाकी उपसल्यावर महिनाभर बरं का वाटलं त्याचाही उलगडा झाला, टाकी रिकामी म्हणजे गॅसला तात्पुरती मोकळी जागा मिळाली आणि तयारही कमी व्हायला लागला. आम्ही तेव्हा समजलो की रोग टाकीत आहे.

तिसरी गोष्ट खोदल्यावर कळली असती पण काकांनी ती चेंबर उघडूनच ओळखली. जुन्या घरात पद्धत होती की संडासची लाईन वेगळी, सरळ चेंबरला, आणि अंघोळीचं पाणी वेगळं, आधी बाहेरच्या गल्ली ट्रॅपमध्ये (इंग्रजीत gully trap, घराबाहेर जमिनीत बसवलेला ट्रॅप) आणि मग चेंबरला. म्हणजे नहाणी आणि मैल्याची लाईन यांच्यामध्ये दोन-दोन पाण्याची झाकणं. २०१६ मध्ये बाबांच्या गुडघ्यांमुळे खाली संडास-बाथरूम एकत्र केलं, पार्किंगला टाईल्स घातल्या, गल्ली ट्रॅप त्या टाईल्सखाली गाडला गेला आणि नहाणीचा पाईप फरशीखालूनच कमोडच्या ११० च्या लाईनला टी लावून जोडला. त्यामुळे वरच्या फ्लशचा दणका थेट नहाणीपर्यंत. त्यात वरून येणारा उभा पाईप जमिनीत जिथे आडवा होतो तिथे एकच काटकोनी बेंड. पाणी तिथे आदळतं, थबकतं, आणि त्याच्या पुढची हवा नेमकी तिथेच सगळ्यात जास्त दाबली जाते. आमच्या खालच्या बाथरूमची जोडणी त्या बेंडपासून हातभर अंतरावर.

आधी फक्त टोपी काढली

मी काकांना म्हणलं सगळं एकदम करू. ते म्हणाले नको, आधी टोपी कापू आणि तुमची ती पिशवी परत लावा. हे मला फार आवडलं, कारण प्रत्येक बदलाने नेमकं काय झालं ते कळलं. हॅक्सॉने टोपी कापली तेव्हा पायपाने हवा ओढल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, खाली कोणीतरी नळ सोडला होता. परत पिशवी लावली. वरची पिशवी आता फक्त किंचित थरथरली, वाटी झालीच नाही. खालची मात्र अजून फुगत होती, आधीपेक्षा निम्मी पण फुगत होती.

म्हणजे वरचं तोंड उघडल्याने ओढ संपली, पण तळाशी होणारा दाब त्याने जात नाही, कारण ती हवा पाण्याच्या पुढे अडकलेली असते, तिला वर जायला मधून पाणीच येत असतं. तिला वेगळी वाट लागते. बरेच जण इथेच थांबतात, वर पाईप उघडला आणि झालं म्हणतात, मग खालचा गुडगुड राहतो आणि लोकांना वाटतं व्हेंटचा, म्हणजे या गॅस पायपाचा, काही उपयोग नसतो.

माझ्या एका मित्राने या सगळ्याऐवजी एअर ॲडमिटन्स व्हॉल्व्ह सुचवला होता, म्हणजे एकाच बाजूने उघडणारी टोपी, ओढ लागली की हवा आत घेते आणि एरवी बंद राहते त्यामुळे वास नाही. वस्तू चांगली आहे आणि फ्लॅटमध्ये बेसिनखाली जिथे पाईप बाहेर काढताच येत नाही तिथे मी सुद्धा लावीन. पण ती हवा फक्त आत घेते, बाहेर सोडत नाही. आमच्या खालच्या दाबावर तिचा उपयोग शून्य, आणि सेप्टिक टाकीचा गॅस बाहेर पडायला कुठेतरी एक उघडं तोंड लागतंच. त्यामुळे ते सोडून दिलं.

काय काय केलं

काम जानेवारीत काढलं, पाच दिवस चाललं. गच्चीवरचा ११० चा पाईप वाढवून पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, वर दीड मीटर नेला, म्हणजे गच्चीच्या जमिनीपासून साधारण आठ फूट, लोखंडी अँगलला क्लॅम्प मारून, कारण साताऱ्याचा वारा तसा उभा पाईप हलवतो. तीन मीटरच्या आत कोणाची खिडकी असेल तर तिच्याही वर न्यावा लागतो, आमच्या शेजारच्यांची आहे पण ती खालीच पडते. वर काऊल आणि आतून नायलॉनची जाळी. जाळीचं मी आग्रहाने सांगेन, सेप्टिक टाकीत क्युलेक्स डास प्रचंड वाढतात आणि तेच हत्तीरोग पसरवतात, गॅस पाईप उघडा ठेवून वास घालवायचा आणि गल्लीला डास द्यायचे हे बरोबर नाही. फक्त जाळी वर्षातून एकदा धुवायची, ती धुळीने बुजली की परत टोपीच झाली.

टाकीसाठी वेगळा पाईप केला. जुन्या ॲस्बेस्टॉसच्या थोटकाला हात लावला नाही, ते कोरडं कापलं की त्याची धूळ फुफ्फुसात जाते, ते तसंच सिमेंट भरलेलं ठेवलं. टाकीचं एक झाकण नवीन ओतून त्यातच ७५ चा तुकडा बसवला आणि तिथून रबर रिंगच्या जोडाने भिंतीवरून वर, म्हणजे उद्या झाकण उचलायचं झालं तर जोड सुटतो. नियमात टाकीच्या पायपाला किमान ५० मिलिमीटर आणि घर जवळ असेल तर घराच्या माथ्यापासून दोन मीटर वर असं आहे, आम्ही एक साईज मोठी घेतली.

सगळ्यात घाण आणि सगळ्यात महत्त्वाचं काम पार्किंगमधलं. टाईल्स फोडल्या, गाडलेला गल्ली ट्रॅप सापडला, चिनी मातीचा, सव्वीस वर्षांनी सुद्धा ठणठणीत, आत माती भरलेली होती तेवढीच. तो धुवून परत वापरला. नहाणीचा पाईप कमोडच्या लाईनपासून तोडून, तिथे टोपी मारून, ७५ ने गल्ली ट्रॅपमध्ये आणला, चाळीस फुटाला एक फूट असा उतार देऊन. उतार लोकांना वाटतो जितका जास्त तितका चांगला, तसं नसतं, फार तीव्र दिला की पाणी पुढे पळतं आणि गाळ मागे राहतो. वरती आता लोखंडी झाकण आहे, टाईलखाली गाडलेलं नाही.

तो काटकोनी बेंड काढून दोन ४५ अंशाचे बेंड टाकले, मध्ये थोडा सरळ तुकडा, आणि तिथेच साफ करायला डोअर. खालच्या कमोडच्या लाईनवरून ५० मिलिमीटरचा एक पाईप बाहेरच्या भिंतीने वर नेऊन वरच्या बेसिनच्या काठापेक्षा उंचावर मुख्य पायपाला परत जोडला. हा अँटीसायफन पाईप. तळाशी दाबली जाणारी हवा आता यातून वर निघून जाते. तो वरच्या बेसिनच्या काठाच्या वरच जोडायचा, खाली जोडला आणि कधी लाईन तुंबली तर मैल्याचं पाणी त्यात चढतं आणि तो कायमचा बुजतो.

दोन्ही नहाण्यांचे ट्रॅप बदलले, ५० मिलिमीटर सीलचे घेतले, दुकानात उभं राहून पट्टीने मोजूनच. वरचा बदलताना स्लॅबखालचं प्लास्टर थोडं फोडावं लागलं, वॉटरप्रूफिंग परत केलं, त्यात एक दिवस जादा गेला. पाईप घेताना एक बघायचं, एसडब्ल्यूआर पायपात, म्हणजे मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्यासाठीच्या पीव्हीसी पायपात, ए आणि बी असे दोन प्रकार येतात, ए पातळ, तो पावसाच्या पाण्याला आणि व्हेंटला, आणि बी जाड, तो मैल्याला आणि सांडपाण्याला. आम्ही व्हेंटला ए आणि बाकी सगळीकडे बी लावला. २०१६ चा जो पाईप खोदून निघाला त्यावर ए छापलेलं होतं, जमिनीखाली, मैल्याच्या लाईनला.

खर्च मजुरीसकट एकोणतीस हजार आला, त्यातला निम्म्याहून जास्त टाईल्स आणि वॉटरप्रूफिंगचा, म्हणजे फोडाफोडीचा. प्लंबिंगचं सामान त्यामानाने काहीच नाही. २०१६ लाच हे केलं असतं तर दोन पाईप आणि दोन काऊल एवढाच जादा खर्च होता.

नंतरचे आकडे

काम झाल्यावर त्याच हिरीने, त्याच तीन फ्लशने मोजलं. खालची नहाणी ५० वर सुरू, तीन फ्लशनंतर ५०, हललीच नाही, कारण ती आता त्या लाईनवरच नाही. वरची ५० वरून ४७. पिशवी वरती जरा श्वास घेतल्यासारखी हलते तेवढंच. खालच्या कमोडमधलं पाणी उसळायचं बंद झालं. मे महिन्यात दादाची खोली तीन आठवडे बंद होती तेव्हा मुद्दाम मोजलं, उन्हाने आटून ३१ राहिलं होतं. जुना ३० चा ट्रॅप असता तर तेवढ्यात जेमतेम ११ उरलं असतं. आता आई आठवड्याला एक तांब्या पाणी वरच्या नहाणीत ओतते, आणि खोली महिन्यापेक्षा जास्त बंद राहणार असेल तर पाण्यावर दोन चमचे गोडं तेल टाकायचं, तेलाचा थर पाणी उडू देत नाही.

पावसाळ्यात मला थोडी धाकधूक होती, कारण बाबांचं म्हणणं असायचं की पाऊस लागला की वास वाढतो. ते खरंच होतं, शोषखड्डा भरला की टाकीतली पातळी चढते आणि गॅसची जागा कमी होते. यंदा जुलैत टाकी तशीच चढली, मी झाकण उघडून बघितलं, पण बाथरूममध्ये काही नाही. गॅसला आता वाट आहे.

आमच्या ओळीत त्याच ठेकेदाराने केलेली अजून तीन घरं आहेत. काकांबरोबर मी गच्चीवरून बघितलं, दोघांच्या पायपाला तशीच टोपी. एका घरातल्या काकूंनी लगेच कापून घेतली आणि वर काऊल लावली. दुसरे आजोबा अजून तयार नाहीत, त्यांना भीती आहे की साताऱ्याच्या पावसात एवढ्या मोठ्या तोंडातून पाणी जाऊन टाकी भरेल. मी त्यांना हिशोब करून दाखवला, ११० च्या पायपाचं तोंड आतून मोजलं तर चार इंच, दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि वर काऊलसुद्धा नसली तरी त्यातून लिटरभरही पाणी आत जात नाही, एक फ्लश त्याच्या दसपट असतो. त्यांनी कागद ठेवून घेतलाय, मुलाला दाखवतो म्हणाले. रविवारी मी पिशवी आणि कणीक घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.